त्रेचाळीस फूट, चाळीस आर आणि दहा ग्रॅमचा तोळा : वजनमापं सांभाळणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
वैधमापन शास्त्र यंत्रणा तसेच महसूल व भूमी अभिलेख विभागांतील अधिकारी,
जिल्हा कोल्हापूर

स. न. वि. वि.

लक्ष्मीपुरीत आमचं धान्याचं दुकान आहे. आजोबांनी काढलं, वडिलांनी वाढवलं, आता मी बसतो. गल्ल्यावरचा काटा तपासून मुद्रांकन करून घेणं हा आमच्या घरातला दिवाळीच्या साफसफाईइतकाच ठरलेला कार्यक्रम. तेव्हा हे पत्र किलो-मीटरच्या विरोधकाचं नाही. काट्यावर ज्याचं पोट आहे अशा माणसाचं आहे.

२० मे हा जागतिक मापन दिन. १८७५ साली त्या दिवशी पॅरिसमध्ये मीटरचा आंतरराष्ट्रीय करार झाला, १९५७ मध्ये आपण त्यात गेलो. या दिवशी, नाहीतर डिसेंबरातल्या ग्राहक दिनी, कुठल्यातरी व्यासपीठावरून एक वाक्य हमखास ऐकू येतं : कायदा होऊन इतकी वर्षं झाली तरी आपले लोक अजून जुन्या मापांना चिकटून आहेत, प्रबोधन केलं पाहिजे. मला या वाक्याशी भांडायचं आहे.

आमच्या दुकानात करवीर, पन्हाळा, कागल, सगळीकडचे शेतकरी येतात. त्यांच्यातला कुणीही घ्या. तो उसाचा उतारा सांगतो 'एकरी शंभर टन'. एकर इंग्रजांचा, टन मात्र हजार किलोचा. सरी साडेचार फुटी, ठिबकची लॅटरल सोळा एमएमची, मोटारीचा पाइप अडीच इंची. गूळ तीस किलोच्या रव्यात, म्हणजे ढेपेत, भरतो आणि सौद्यात दर क्विंटलचा ऐकतो. डोस लिटरला मिलीत मोजतो. एका वाक्यात तीन पद्धती येतात आणि हिशेब कुठं चुकत नाही. हा माणूस हट्टी आहे असं म्हणायला तुमची जीभ कशी रेटते? जे माप त्याला हातात धरून बघता आलं ते त्याने पाच-दहा वर्षांत घेतलं. जे फक्त कागदावर आलं ते कागदावरच राहिलं. सगळी गोष्ट एवढीच आहे, पण ती नीट सांगायला मला थोडं मागं जावं लागेल.

१९५६ च्या डिसेंबरात वजनमापांचा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजनं टप्प्याटप्प्याने आली आणि १ एप्रिल १९६२ पासून व्यापारात सक्तीची झाली. पण त्याच्या आधी, १ एप्रिल १९५७ ला, नाणं बदललं होतं. रुपयाचे सोळा आणे गेले, शंभर नये पैसे आले. म्हणजे पाच वर्षांच्या आत गिऱ्हाइकाच्या एका हातातलं नाणं आणि समोरच्या पारड्यातलं वजन, दोन्ही बदललं. एक पाय स्थिर ठेवून दुसरा उचलावा, तर दोन्ही एकदम उचलले.

याचा अर्थ काय ते दुकानदाराच्या बाजूने सांगतो. शेर ऐंशी तोळ्यांचा. किलो जवळपास शहाऐंशी तोळ्यांचा. म्हणजे किलो शेरापेक्षा सात टक्क्यांनी जड. समजा डाळ चौदा आणे शेर होती. चौदा आणे म्हणजे साडेसत्याऐंशी नये पैसे. किलोचा न्याय्य दर निघतो पावणेचौऱ्याण्णव. आता पाऊण पैसा कुठून आणायचा? दुकानदार चौऱ्याण्णव लावणार, जरा धीट असला तर पंचाण्णव. दाराशी उभ्या असलेल्या बाईला एवढंच दिसतं की काल सत्याऐंशी होती, आज पंचाण्णव झाली. 'माप मोठं आहे, बाई' म्हटलं तर ती म्हणणार, 'मोठं आहे का खोटं आहे हे मला काय ठाऊक?' वडील सांगायचे, गिऱ्हाइकांच्या समाधानासाठी जुनी वजनं फळीखाली ठेवलेली असत. कुणी कुरकुर केली की एका पारड्यात शेर, दुसऱ्यात किलो. पारडं झुकलेलं दिसलं की बाई पिशवी पुढं करायची.

भाषणापेक्षा पारडं लवकर पटतं. किलो कोल्हापुरात रुजला तो असा.

रुजताना त्याने जुनी नावं फेकली नाहीत, हेही बघा. मंडईत आजही 'पावशेर गवारी द्या' म्हणतात आणि काट्यावर अडीचशे ग्रॅम पडतात. खरा पावशेर दोनशे तेहतीस ग्रॅमचा. भाजीवालीला ठाऊक, गिऱ्हाइकाला ठाऊक, कुणी फसत नाही. अशा ठिकाणी दंडाची पावती फाडून कुणाचं भलं होणार?

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही दोन शब्द सुनावतो, कारण हे पत्र तेही वाचतील. हल्ली जुन्या मापांचे उमाळे फार आलेत. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली, मण, खंडी, असं कोष्टक पाठ म्हणून दाखवायचं आणि आपली पद्धत किती थोर होती म्हणायचं. कोष्टक मलाही येतं. माप ओलांडून घरात आलेली लक्ष्मी मलाही प्रिय आहे. पण बाजारात या कोष्टकाने काय केलं ते विचारा. मण म्हणजे किती? बंगाली मण सदतीस किलोंच्या वर, मुंबईचा मण अठ्ठावीस पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोंचाही नाही. एकच शब्द आणि फरक जवळजवळ तिपटीचा. कुठं सोळा पायल्यांचा मण, कुठं बाराच. त्यातून धान्य मोजायची तऱ्हा. घेताना शिगोशीग, देताना हात फिरवून सपाट. पायली तीच, शीग कुणाच्या वाट्याला हे मात्र सावकार ठरवणार. 'मापात पाप' ही म्हण किलोच्या राज्यात जन्मलेली नाही.

फ्रान्सात किलोचा जन्म झाला तोही अशाच पापातून. १७८९ साली राजाकडे पाठवायच्या गाऱ्हाण्यांच्या वह्या गावोगाव लिहिल्या गेल्या, त्यांत जमीनदार आपलं धान्याचं माप मोठं करत जातो ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. सगळीकडे एकच वजन, एकच माप असावं ही मागणी रयतेची होती. गंमत अशी की मीटर हातात आल्यावर त्याच रयतेने नाक मुरडलं. नेपोलियनला १८१२ मध्ये जुन्या नावांची मापं परत बाजारात सोडावी लागली आणि सक्ती पुरती बसायला १८४० साल उजाडलं. मागणी न्यायाची होती. मिळाली ती दशांशांची नवी भाषा, आणि तिच्यासोबत ती भाषा तपासणारा नवा अंमलदार.

ब्राझीलचं उदाहरण याहून बोलकं आहे. १८७४ च्या अखेरीस तिथल्या ईशान्येकडच्या पराइबा आणि शेजारच्या प्रांतांत आठवडी बाजारांवर माणसं चालून गेली. त्यांनी किलोची नवी वजनं फोडली आणि करांची दप्तरं जाळली. त्या उठावाला नावच पडलं 'किलोफोड'. पण किलो हे निमित्त होतं. त्याच सुमारास बाजारावर नवे कर बसले होते, सैन्यभरतीचा नवा कायदा आला होता. कर हातात धरून फोडता येत नाही. वजन फोडता येतं.

इंग्लंडातला प्रसंग तर अलीकडचा. सन २००० पासून तिथं सुटा माल किलोत विकणं बंधनकारक झालं. संडरलंडचा स्टीव्ह थोबर्न नावाचा भाजीवाला पौंडाच्या काट्यावर केळी विकत राहिला. अधिकाऱ्यांनी गिऱ्हाईक बनून केळी घेतली, काटा जप्त केला, २००१ मध्ये कोर्टाने त्याला दोषी ठरवलं. झालं, अख्खा देश केळीवाल्याच्या मागं उभा. वर्तमानपत्रांनी त्याला हुतात्मा केलं. २००४ मध्ये, चाळिशीही गाठली नव्हती तोवर, तो वारला. पुढं २०२२ मध्ये तिथल्या सरकारने पौंड-औंसांना मोकळीक द्यायची का असं जाहीर विचारलं, तर लाखाच्या वर उत्तरं आली आणि जवळपास सगळ्यांनी आहे तेच, म्हणजे मेट्रिकच राहू द्या असं कळवलं. केळीवाल्याबरोबर उभी राहिलेली माणसं पौंडासाठी उभी नव्हती, हे यावरून दिसतं. केळी विकणाऱ्या माणसाला गुन्हेगार ठरवलं याचा त्यांना राग होता. तुमच्यापैकी जे हातगाड्यांवर धाडी घालतात त्यांनी हा खटला जरूर वाचावा.

आता घरचं. जमिनीचं.

गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. मोजणीची जुनी साखळी तेहतीस फुटांची, तिच्या सोळा भागांना आणे म्हणत. चाळीस गुंठे म्हणजे एकर. हे चौथी नापास माणसाला झोपेत विचारा, सांगेल. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर, आर, चौरस मीटर. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, एक हजार शहात्तर चौरस फूट आणि वर थोडं. गुंठा आणि आर यांच्यात साडेबारा चौरस फुटांचा फरक. एवढा बारीक फरक हीच खरी अडचण आहे. मोठा असता तर माणूस सावध झाला असता. किलो आणि मण यांत कुणी गफलत करत नाही, पण आर वाचला की आपला माणूस सरळ गुंठा म्हणतो. तलाठ्याच्या कार्यालयातही 'चाळीस गुंठे' असं तोंडी सांगतात आणि कागदावर ०.४०.०० असतं.

चाळीस आर म्हणजे एकर नव्हे. चाळीस आर म्हणजे एकराला पाचशे चौरस फूट कमी. आमच्या नात्यात यावरून काय झालं ते सांगतो. वाटणी झाली, स्टॅम्पवर लिहिलं 'एक एकर', सातबाऱ्यावर नोंद गेली चाळीस आरची. दोघा भावांना काही वावगं वाटलं नाही. काही वर्षांनी सरकारी मोजणी आणली, तेव्हा मोजणीदाराने सातबाऱ्याच्या आकड्याप्रमाणे खुणा ठोकल्या. बांध तीनशे फूट लांबीचा. त्यावर पाचशे चौरस फूट म्हणजे पावणेदोन फुटांची पट्टी. त्या पट्टीत थोरल्याने लावलेले दोन नारळ होते आणि ते धाकट्याच्या हद्दीत गेले. मोजणीदार बरोबर होता, स्टॅम्प लिहिणारा आपल्या परीने बरोबर होता, दोघे भाऊही खरं बोलत होते. नारळ आता कुणीच उतरवत नाही. आणि हे शेतजमिनीच्या दराचं सांगतोय. पाचगाव, उचगावकडे प्लॉट पडतात तिथं अर्ध्या गुंठ्यासाठी माणसं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

तुम्ही म्हणाल, लोकांनी आर शिकावा. साहेब, २००१ साली याच राज्याच्या विधिमंडळाने 'गुंठेवारी' नावाचा कायदा केला. मेट्रिक सक्तीचं होऊन जवळजवळ चार दशकं झाल्यावर कायद्याच्या मथळ्यातच गुंठा! सरकारला स्वतःला जे माप सोडवत नाही ते सोडलं नाही म्हणून शेतकऱ्याला अडाणी ठरवू नका.

उपाय फुकटचा आहे. सातबाऱ्यावर क्षेत्राच्या आकड्याखाली कंसात एकर-गुंठे छापा, माहितीसाठी म्हणून. उतारा संगणकावरून निघतो, गुणाकार संगणकच करेल. २००९ च्या वैधमापन कायद्याचं अकरावं कलम आडवं येतं असं सांगू नका. ते प्रमाण एकक सोडून दुसऱ्याच मापात व्यवहार करायला मनाई करतं. प्रमाण एकक पुढं ठेवून शेजारी ओळखीचं माप लिहिलेलं आपण रोज बघतो. टीव्हीच्या खोक्यावर १३९ सेंटिमीटर आणि कंसात ५५ इंच असं छापलेलं असतं, त्याने कुणाचं आभाळ कोसळलं नाही. टीव्हीच्या गिऱ्हाइकाला मिळणारी सवलत जमिनीच्या मालकाला का नको?

सोन्याचं थोडक्यात. गुजरीत, आमच्या सराफ बाजारात, दर विचारला तर तोळ्याचा सांगतात आणि तो तोळा दहा ग्रॅमचा. बिल ग्रॅम-मिलिग्रॅममध्ये होतं, शिक्का असतो, तिथं तक्रार नाही. अडचण येते ती जुन्या कागदांची. आजीच्या यादीत 'साज, पाच तोळे' असं लिहिलेलं असतं. तिचा तोळा बारा माशांचा, अकरा ग्रॅम सहासष्ट सेंटिग्रॅमचा. साज काट्यावर ठेवला तर अठ्ठावन्न ग्रॅम भरायला हवा. आजच्या हिशेबाने पन्नास भरला की लेकीसुना म्हणतात वजन बरोबर आहे. आठ ग्रॅम सोनं कुणी काढून घेतलं असेल तर या दोन तोळ्यांच्या फटीत ते आरामात लपतं. सराफांच्या दुकानात 'जुना तोळा ११.६६ ग्रॅम, आज बोलीत म्हणतात तो १० ग्रॅम' एवढी पाटी लावायला सांगा. पुष्कळ घरांतली कुजबुज तरी थांबेल.

फ्लॅटबद्दल तर मला हसूच येतं. जाहिरात चौरस फुटात, रेराची नोंद चौरस मीटरमध्ये, आणि तुमच्यापैकी कुणाला चौरस फूट बेकायदा वाटतो. फुटाला दोष देऊ नका हो. गिऱ्हाईक बुडतं ते जिना आणि लिफ्ट मिळवून सांगितलेल्या क्षेत्रफळाने, आणि ते मीटरमध्ये सांगितलं तरी तेवढंच बुडेल.

आता एका ठिकाणी मात्र हात जोडून विनंती. पंचगंगेला हात लावू नका. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी फूट-इंचात येते. एकोणचाळीस फूट इशारा, त्रेचाळीस फूट धोका. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की चौदाशे अठ्ठावीस क्युसेक, हा आकडा इथल्या शाळकरी पोराला पाठ असतो. पाऊस मिलिमीटरमध्ये सांगतात, धरण टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये, नदी फुटात, आणि जुलै-ऑगस्टच्या रात्री सगळं शहर या खिचडीतून बरोबर अर्थ काढतं. सुतारवाड्यातला माणूस आकडा ऐकून सांगतो की आता सामान माळ्यावर टाकायचं का घर सोडायचं. व्यापारी पेठेत कुठल्या फुटाला पाणी कुठल्या पायरीला लागतं ते दुकानदारांना माहीत असतं. २०१९ ला पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं, ते पंचावन्न लोकांच्या अंगात भिनलंय. उद्या कुणी टापटिपीच्या हौसेने 'धोका पातळी १३.१ मीटर' असं जाहीर करू लागला तर त्या रात्री चूक कुणाची धरायची? मीटर लावायचाच असेल तर पट्टीच्या दुसऱ्या अंगाला लावा, फूट पुसू नका.

तुमच्यावर टीका करायची म्हणून हे लिहीत नाही. खात्यात माणसं किती कमी आणि काटे किती जास्त हे आम्हाला दिसतं. पण जी काही माणसं आहेत ती कुठं पाठवायची, हा निर्णय तुमचा. कोल्हापूर जिल्ह्यात मापाबद्दलचा खरा राग कुठं आहे ते पानपट्टीवरही कळतं. तो आहे उसाच्या काट्यावर. 'काटामारी', म्हणजे काट्यावर वजन कमी दाखवणं, हा शब्द हंगाम सुरू झाला की बैलगाडीवाल्यापासून ट्रॅक्टरवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो. सगळे कारखाने मारतात असं मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण शेतकऱ्याकडेही खातरजमा करायचं साधन नाही, आणि संशय तिथंच वाढतो. चौदा महिने पोसलेला ऊस एकदाच काट्यावर चढतो, आकडा पडद्यावर क्षणभर दिसतो, पावती हातात येते, गाडी पुढं जाते. आमच्या दुकानातल्या बाईला किमान दोन पारडी समोर दिसत होती. ट्रकच्या काट्याला पारडंच नाही. जुन्या लोखंडी वजनाच्या बुडातलं शिसं कुणी खरवडलं तर बोट लावून कळायचं. आतल्या प्रोग्रॅमला बोट कसं लावणार?

म्हणून मागणी अशी. हंगामात प्रत्येक कारखान्याच्या काट्याची तपासणी अचानक करा, पंचनाम्याला शेतकऱ्यांचा माणूस बरोबर घ्या आणि निकाल त्याच दिवशी गेटवर फलकावर लावा, चुकलेला असो वा बरोबर निघालेला असो. बरोबर निघाला तर कारखान्याचंही नाव साफ होईल. वजनाचा आकडा गाडीवानाला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत बाहेरच्या बाजूला दिसू द्या. बाहेरच्या मुद्रांकित काट्यावर वजन करून ऊस आणायचं शेतकऱ्याने ठरवलं, तर त्याची गाडी रखडवायची नाही, असा लेखी आदेश काढा. सातबाऱ्याच्या कंसाचा आणि सराफांच्या पाटीचा विचार सवडीने केला तरी चालेल, पण काट्याचं काम गळीत हंगामाची पहिली मोळी पडायच्या आत व्हायला हवं.

या पत्राची पोच मिळावी. उत्तर किलोत दिलंत तरी चालेल.

आपला,
लक्ष्मीपुरीतला एक धान्य दुकानदार
कोल्हापूर